आकडे मोजताय, पण वर्षं कोण मोजणार?

३१ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनसकट ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या मोठ्या शहरांत ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ नावाने मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकात आपलं म्हणजे भारतीयांचं थेट नाव घेतलं होतं, की ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले त्यापेक्षा जास्त भारतीय पाच वर्षांत आले. मेलबर्नच्या सभेत तर निओ-नाझी टोळीचा म्होरक्या उघड भाषण ठोकून गेला. तेव्हापासून जो वाद चाललाय तो मी इकडून म्हणजे ऑस्ट्रेलियातून आणि तिकडून म्हणजे भारतातून, दोन्हीकडून ऐकतेय आणि खरं सांगते, दोन्हीकडे तो इतका वाईट पद्धतीने चाललाय की राहवत नाही. इकडे एक बाजू म्हणते फार झाले, दार लावा. दुसरी म्हणते हे लोक नसतील तर हॉस्पिटलं बंद पडतील, म्हातारी माणसं सांभाळायला कोणी राहणार नाही. तिकडे आपल्या लोकांत एक जण लिहितो, बरं झालं, कोणी सांगितलं होतं जायला, या आता परत. दुसरा लिहितो, तुम्ही जळताय. चारही जण फक्त डोकी मोजतायत. किती आले, किती हवेत, किती गेले, किती परतले.

माझं म्हणणं असंय की किती माणसं घ्यायची हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे आणि त्यावर हवं तेवढं भांडावं, ऑस्ट्रेलियाने उद्या आकडा निम्मा केला तरी मी त्याला अन्याय म्हणणार नाही. पण ज्याला आत घेतलं, ज्याच्याकडून फी घेतली, ज्याच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलं आणि टॅक्स कापला, त्याला आठ-आठ दहा-दहा वर्षं ‘तू तात्पुरता आहेस’ असं सांगत टांगणीला लावून ठेवायचं, हे चूक आहे. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण वेळेत म्हणा. परदेशात नोकरी करणाऱ्या माझ्या वयाच्या पोरापोरींचं आयुष्य ज्याच्याभोवती फिरतंय तो प्रश्न हा आहे, आणि नेमका तोच या वादात कोणी विचारत नाहीये.

ज्यांना हे बाहेरून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. मुलगी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मास्टर्सला येते, दोन वर्षं. मग शिक्षणानंतरचा ४८५ व्हिसा, तो भारतीयांना मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मग कंपनी तयार झाली तर ४८२, म्हणजे स्पॉन्सरशिप, त्यावर दोनेक वर्षं काढली की पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवासासाठी, कंपनी नाव पुढे पाठवू शकते, मग निकालाची वाट. सगळं सुरळीत झालं तरी आठ वर्षं सहज जातात, आणि सगळं सुरळीत होतंच असं नाही. दुसरा रस्ता पॉइंट्सचा, म्हणजे वय, शिक्षण, इंग्रजी अशा गोष्टींचे गुण जमवून सरकारच्या बोलावण्याने पीआर मिळवायचा. कागदोपत्री ६५ पॉइंट्सला अर्ज टाकता येतो, पण आयटी किंवा अकाउंटिंगसारख्या क्षेत्रांत नव्वदच्या पुढे जाऊनही लोक बोलावणं यायची वाट बघत बसतात. म्हणून मग पाच-पाच पॉइंट्स गोळा करणं सुरू होतं. दुभाष्याची एक भाषा परीक्षा असते, नाटी या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची सीसीएल, तिच्यात मराठीसुद्धा आहे, दोन संवाद ऐकून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करायचं, नव्वदपैकी त्रेसष्ट मिळाले की पाच पॉइंट्स. माझी फ्लॅटमेट दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला ‘भाडेकरू लवाद’, ‘रक्तदाब’, ‘अनुदान’ असले शब्द भिंतीवर चिकटवून पाठ करायची. वयाचेही पॉइंट्स असतात, ३३ वा वाढदिवस झाला की तिसाचे पंचवीस होतात. आणि लग्नाचेही असतात. एकट्या माणसाला दहा, जोडीदाराचं वय, इंग्रजी आणि स्किल असेसमेंट सगळं बसलं तर दहा, नुसतं इंग्रजी असेल तर पाच आणि काहीच नसेल तर शून्य. मी अशी जोडपी ओळखते ज्यांचा साखरपुडा होऊन दोन वर्षं झालीयेत आणि मुलीकडचे रोज विचारतात तारीख कधी धरायची, आणि मुलगा सांगू शकत नाही की लग्न केलं तर पॉइंट्स कमी होतील. हे त्याने मावशी-काकूंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी इथे सिव्हिल इंजिनियर आहे, मेलबर्नमध्ये रेल्वेची फाटकं काढून रूळ वर उचलायचं काम चाललंय त्यात. आमच्या साइटवर सकाळी साडेसहाला टूलबॉक्स मीटिंग होते, सगळे हायव्हिज जॅकेट घालून गोल उभे, आणि त्या गोलात पंजाबी, आयरिश, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ऑस्ट्रेलियन असे सगळे असतात. मोर्च्यानंतरच्या आठवड्यात स्मोकोला म्हणजे मधल्या सुट्टीत चहा पिताना आमचे एक वयस्कर फोरमन म्हणाले की लोक जरा जास्तच यायला लागलेत, त्यांच्या मुलीला घर मिळत नाहीये. मग मला बघून लगेच म्हणाले, तुझ्याबद्दल नाही हं म्हणत. मी म्हटलं मीसुद्धा व्हिसावरच आहे. ते खरोखर गोंधळले. इतकी वर्षं राहतेस, टॅक्स भरतेस, मग सिटिझनशिपचा फॉर्म का नाही भरत? त्यांना वाटत होतं फॉर्म भरला की होतं. त्यांचे वडील ग्रीसहून आले ते बोटीतून उतरले त्या दिवसापासून इथले कायमचे रहिवासी होते, त्यामुळे दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या घरात कधी कोणाला कळायचं कारणच नव्हतं. त्या माणसाच्या मनात काही वाकडं नाहीये. पण एवढ्या मोठ्या विषयावर देशात मोर्चे निघतायत आणि मत बनवणाऱ्या बहुतेकांना ही यंत्रणा चालते कशी हेच माहीत नसेल तर तो वाद कशावर चाललाय?

आणि हे ग्रीक-इटालियन उदाहरण त्या पत्रकवाल्यांनीच काढलंय तर त्याचा नीट विचार करू. दुसऱ्या महायुद्धानंतर आर्थर कॉलवेल नावाच्या मंत्र्याने देश भरा नाहीतर मरा अशी हाक दिली. युद्धात घरदार गेलेले पूर्व युरोपीय आले, १९५१ ला इटलीशी आणि १९५२ ला ग्रीसशी करार झाले. स्नोवी माउंटन्सचा तो प्रचंड जलविद्युत प्रकल्प १९४९ ते १९७४ चालला, त्यावर एक लाखाहून जास्त लोकांनी काम केलं, तीसहून जास्त देशांतले, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश बाहेरून आलेले होते. त्यांचं आयुष्य सोपं होतं का? अजिबात नाही. निर्वासितांना पहिली दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम करावं लागायचं, डॉक्टर माणूस सुद्धा फावडं हातात घ्यायचा, लोक त्यांना घाणेरड्या नावांनी हाका मारायचे. पण दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. त्यानंतर ते मोकळे होते आणि कायमचे होते. घर घ्या, युनियनमध्ये जा, दुकान टाका, पुढे नागरिक होऊन निवडणुकीला उभे राहा. आज मेलबर्न ज्या कॉफीचा, फुटबॉल क्लबांचा आणि बाजारांचा अभिमान बाळगतं ते त्या कायमपणातून आलंय. माणूस एखाद्या गावात जीव ओततो तो केव्हा, जेव्हा त्याला माहीत असतं की आपली पोरं इथेच वाढणार. मग आज जे म्हणतात की भारतीय मिसळत नाहीत, त्यांना विचारावंसं वाटतं की ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण या देशात असू का हे ठाऊक नाही त्याने कशात मिसळायचं?

ऑस्ट्रेलियाने असं नेहमी केलं नव्हतं हे सुद्धा सांगायला हवं. १८६३ पासून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर पॅसिफिक बेटांवरून बासष्ट हजारांच्या आसपास माणसं आणली, कित्येकांना फसवून, काहींना पळवून. १९०१ मध्ये देश एकत्र झाला तसा संसदेने पहिल्याच वर्षात कायदा करून त्यांना हाकलायची तारीख ठरवली, आणि त्याच वर्षी ती कुप्रसिद्ध श्रुतलेखनाची परीक्षा आणली ज्यात अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द लिहायला सांगून कोणालाही नापास करू शकत होता. ती १९५८ पर्यंत टिकली. मी आमची तुलना त्या मळ्यांवरच्या माणसांशी करत नाहीये, ती करणं त्यांचा अपमान होईल. सांगायचंय ते एवढंच की काम घ्यायचं आणि माणूस नको म्हणायचं हा जुना मोह आहे, मधली पन्नास वर्षं या देशाने तो बऱ्यापैकी टाळला, आणि १९९६ ला ४५७ हा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरचा तात्पुरता कामाचा व्हिसा आल्यापासून तो हळूहळू परत आला. २०२३ ला स्थलांतराची व्यवस्था तपासायला सरकारनेच नेमलेल्या मार्टिन पार्किन्सन समितीच्या अहवालात ‘कायमचे तात्पुरते’ अशी अवस्था झाल्याचं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हे काही माझं रडगाणं नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा, घरं. हा मुद्दा खरा आहे आणि आपल्या लोकांनी तो झटकून टाकू नये. कोविडनंतर सीमा उघडल्या आणि २०२२-२३ मध्ये निव्वळ स्थलांतर पाच लाखांच्या पुढे गेलं, पुढच्या वर्षी साडेचार लाखांच्या जवळ. एवढी माणसं दोन वर्षांत आली आणि घरं तेवढी बांधली नाहीत तर भाडी वाढणारच. शनिवारी घर बघायला गेलं की फुटपाथवर तीस-चाळीस जणांची रांग असते, हातात पे-स्लिपा, आणि त्यात माझ्यासारखे भारतीय असतात तसेच इथे जन्मलेले पंचविशीतले पोरंपोरी पण असतात, त्यांचा राग मला समजतो. सीमा बंद होत्या तेव्हा मेलबर्न-सिडनीच्या मध्यवस्तीतल्या फ्लॅटची भाडी खाली आली होती हेही खरंय. पण त्याच काळात घरांच्या किमतींचं काय झालं? २०२१ मध्ये, जेव्हा विद्यार्थी नाही, बॅकपॅकर नाही, विमानतळ ओस पडलेले, तेव्हा एका वर्षात देशभरात किमती वीस टक्क्यांहून जास्त वाढल्या. कोणी वाढवल्या त्या? स्वस्त व्याज, भाड्याच्या घरावरचा तोटा पगाराच्या टॅक्समधून वजा करायची सोय, १९९९ पासून भांडवली नफ्यावर मिळणारी निम्मी सूट, आणि आपल्या गल्लीत तीन मजली इमारत नको म्हणणाऱ्या नगरपालिका. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला जुनं बांधलेलं घर घ्यायलाच दोन वर्षं बंदी आहे. म्हणजे ज्याला जुनं घर घेता येत नाही तो घराच्या किमतीचा गुन्हेगार. भाड्याच्या रांगेत आम्ही आहोत, मान्य, पण रांगेत उभ्या दोन माणसांना एकमेकांकडे बोट दाखवायला लावून ज्यांच्याकडे सहा-सहा घरं आहेत ते बाजूला राहतात.

मतांचा आरोप तर याहून पोकळ. मोर्च्यानंतर काही दिवसांत लिबरल पक्षाच्या सिनेटर जसिंता प्राइस म्हणाल्या की सरकार भारतीयांना मतांसाठी आणतंय, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांचं शॅडो मंत्रिपद, म्हणजे विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातली जागा, गेलं. सगळे त्या शब्दांवर भांडले. कोणी साधं गणित मांडलं नाही की आज विमानातून उतरलेल्या मुलाला मत द्यायला आठ-दहा वर्षं लागणार आहेत, तोवर तीन निवडणुका होऊन जातील.

दुसरा मुद्दा, जो मला स्वतःला जास्त अस्वस्थ करतो, तो म्हणजे तुम्ही सही करून आलात. व्हिसाच्या नावातच तात्पुरता लिहिलंय, कोणी फसवलं नाही, अटी वाचल्या होत्या, मग आता तक्रार कसली? हा मुद्दा प्रामाणिक आहे. मी अटी वाचल्या होत्या, आणि एजंटने दाखवलेल्या स्वप्नांची जबाबदारी ऑस्ट्रेलियाची नाही. पण अटी मध्येच बदलल्या तर? २०१७ ला ४५७ बंद केल्याची घोषणा अचानक झाली, त्याच्या जागी आलेल्या व्हिसात शेकडो कामांना पीआरचा रस्ताच ठेवला नाही, तो सगळ्यांसाठी परत उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. जुलै २०२४ ला ४८५ ची वयोमर्यादा पन्नासवरून बहुतेकांसाठी पस्तीस केली, आणि तेव्हा छत्तीस वर्षांची माणसं वर्गात बसलेली होती, फी भरून. स्टुडंट व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १६०० आणि मग २००० झाली, व्हिसा नाकारला तरी परत नाही. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे मार्च २०२४ पर्यंत विद्यार्थ्याकडून ‘मी शिकून परत जाणार’ असा निबंध लिहून घ्यायचे, मग सरकारने ती अटच काढली आणि फक्त खरा विद्यार्थी आहेस का हे विचारायला लागलं. दोन्ही बाजूंना माहीत होतं की तो निबंध खोटा आहे. आंतरराष्ट्रीय शिक्षण हा या देशाच्या सगळ्यात मोठ्या निर्यात व्यवसायांपैकी एक आहे, वर्षाला पन्नास अब्ज डॉलरच्या घरातला. तो लायब्रऱ्यांच्या जोरावर चालत नाही, इथे राहता येईल या आशेवर चालतो. आशा विकून पैसे घ्यायचे आणि मग आशा का धरलीस असं विचारायचं, हा करार एकट्या सही करणाऱ्याचा कसा?

जर्मनीने हा प्रयोग पूर्ण करून बघितलाय. १९६१ ला तुर्कस्तानशी करार करून पाहुणे कामगार बोलावले, दोन वर्षं काम करून जातील असं धरून. कारखान्यांना शिकवलेला माणूस सोडायचा नव्हता, माणसाला पगार सोडायचा नव्हता, १९७३ ला भरती बंद केली तर उलट लोकांनी बायकापोरं आणून ठेवली कारण एकदा गेलो तर परत येता येणार नाही. नागरिकत्वाचा कायदा खऱ्या अर्थाने बदलला २००० मध्ये. मधल्या काळात एक अख्खी पिढी तिथे जन्मून परदेशी राहिली. त्यांना भाषा शिकवायची नाही, कारण जाणार आहेत. आणि मग भाषा येत नाही म्हणून दोष द्यायचा. ते न शिकता ऑस्ट्रेलिया त्याच वाटेने का चाललाय?

कोविडमध्ये याचा कस लागला. ३ एप्रिल २०२० ला तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी सांगितलं की ज्या विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी आपापल्या घरी जावं. जॉबकीपरची, म्हणजे पगार चालू ठेवायला सरकारने दिलेली मदत बहुतेक तात्पुरत्यांना नव्हती. त्याच आठवड्यांत सुपरमार्केट, वृद्धाश्रम आणि हॉस्पिटलांत विद्यार्थ्यांनी जास्त तास काम करावं म्हणून तासांची मर्यादा मात्र सैल केली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते हेच, फक्त इथे गरज सरली पण नव्हती. माझ्या ओळखीचा एक मुलगा तेव्हा मेलबर्नच्या वेस्टला एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करायचा. एप्रिल २०२१ ला नाशिकला त्याचे वडील ऑक्सिजन बेड शोधता शोधता वारले. तो निघाला असता तर परत येता आलं नसतं, तात्पुरत्या व्हिसावाल्याला सीमा बंद होती, आणि घराचं कर्ज आता त्याच्याच पगारावर होतं. त्याने दशक्रिया लॅपटॉपवर बघितली, साडेचार तास पुढच्या घड्याळात, आणि रात्री परत ड्युटीवर गेला कारण तिथल्या एका आजींना त्याच्याशिवाय कोणी औषध दिलेलं चालायचं नाही. मे महिन्यात तर काही दिवस भारतातून परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही तुरुंगाची भीती घातली होती. पण नागरिक कोर्टात गेले, टीव्हीवर बोलले, खासदारांना फोन केले. त्या मुलाने कोणाला फोन करायचा होता?

आता कोणी म्हणेल, तुमचं दुःख फार सुखातलं आहे. रत्नागिरीचा माणूस आखातात पासपोर्ट मालकाकडे देऊन चाळीस डिग्रीत राबतो, त्याच्यापुढे तुमचं काय? बरोबर आहे. इथे किमान वेतनाचा कायदा आहे, दाद मागायला फेअर वर्क ही सरकारी यंत्रणा आहे, ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन न उचलण्याचा हक्क सुद्धा २०२४ पासून कायद्यात आहे. मी रोज त्याचा फायदा घेते आणि कृतज्ञ आहे. पण कायदा पुस्तकात असणं आणि तो वापरायची हिंमत असणं यात व्हिसा उभा असतो. २०१५ ला सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांचं प्रकरण बाहेर आलं, विद्यार्थ्यांना अर्धा पगार देऊन, जास्त तास राबवून वर तासांची मर्यादा मोडलीस म्हणून कळवीन अशी धमकी, शेवटी पंधरा कोटी डॉलरच्या वर परत द्यावे लागले. आणि हे फक्त गोऱ्यांनी केलं असं कोणी समजू नये. आपल्या लोकांच्या कित्येक हॉटेलांत, क्लीनिंगच्या धंद्यांत पोरांना आजही हातात कॅश ठेवून निम्म्यावर राबवतात आणि वर ‘तुझ्या फाइलचं बघतो’ म्हणून आशेला लावतात. आपल्याच भाषेत गोड बोलून होणारी ही लूट मला जास्त लागते. बरं, हे बदलता येत नाही असंही नाही. आधी नोकरी गेली की ४८२ वाल्याला ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागायचा, जुलै २०२४ पासून १८० दिवस झाले, आणि व्हिसाची भीती घालून राबवणं हा गुन्हा ठरला. माझ्या ऑफिसातल्या एकीने त्या जोरावर पहिल्यांदा पगारवाढ मागितली, आणि मिळाली. आकाश कोसळलं नाही.

तिकडच्या वादाबद्दल. देश सोडलात, आता कशाला बोलता. सरकारी कॉलेजात जनतेच्या पैशाने शिकून गेलेल्यांना हा प्रश्न विचारण्यात तथ्य आहे, आणि आईवडील एकटे म्हातारे होतात त्याचं उत्तर कोणत्याही व्हिडिओ कॉलमध्ये नाही, मी देणारही नाही. पण गेलेला तो संपला ही भाषा आपली कधीपासून झाली? १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा इथे राहून शिकता येत नाही का, जातीबाहेर टाकलं तर काय, हेच विचारत होते लोक, आणि त्यांनी सेरामपूरला भर सभेत उभं राहून एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. अख्खं कोकण मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगलं. चाकरमानी परळ-लालबागच्या खोलीत पाळीपाळीने झोपला, खानावळीत जेवला, गणपती-शिमग्याला गावी गेला, त्याला कोणी गाव सोडलं म्हणून बेइमान म्हटलं का? आणि त्याचे हाल आमच्यापेक्षा शंभर पटीने जास्त होते, पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी आमच्याकडे नाही. तो मुंबईचा होता. त्याला रेशनकार्ड होतं, युनियन होती, मत होतं, आणि म्हणूनच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि सरकारला ऐकावं लागलं. उद्या तुझी गाडी पकडून परत जा असं त्याला कोणी सांगू शकत नव्हतं. ज्याला हाकलता येतं तो संप करत नाही.

परत या म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय, कर्ज किती आहे ते ठाऊक आहे का? ऑस्ट्रेलियाला येणारा बहुतेक विद्यार्थी सरकारी पैशावर नाही, बापाच्या फ्लॅटवर किंवा शेतावर काढलेल्या कर्जावर येतो. त्याने पाचव्या वर्षी परत यायचं ठरवलं तर हरून आला म्हणतात आणि नाही आला तर विसरला म्हणतात. ज्याला इथे वेळेत ‘नाही’ मिळतं तो सत्ताविसाव्या वर्षी परत येऊन सरळ कामाला लागू शकतो. पस्तिसाव्या वर्षी मिळालेलं ‘नाही’ मात्र नुसतं नाही नसतं, त्यात लग्न, मूल, घर, आईचं ऑपरेशन सगळं पुढे ढकललेलं असतं.

आणि शेवटी इथल्या आपल्या स्थिरावलेल्या माणसांशी बोलायचंय, कारण मत तुमच्याकडे आहे. मंडळाच्या गणपतीत नवीन मुलगा दिसला की नाव, गाव आणि तिसरा प्रश्न ‘पीआर झालं का?’ हा ठरलेला. नाही म्हटलं की चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलंय. त्यातलेच काही आता म्हणतात, आम्ही कष्टाने आलो, आता दार लावून घ्या. तुम्ही कष्टाने आलात यात शंका नाही, पण वीस वर्षांपूर्वी तुमच्यातले कित्येक जण पीआर हातात घेऊनच विमानातून उतरला होतात. न्यूझीलंडच्या लोकांकडे बघा. २००१ ला नियम बदलल्यावर ते इथे वीस-वीस वर्षं राहून, टॅक्स भरून तात्पुरतेच होते, पण त्यांच्या बाजूने त्यांचं सरकार आणि इथले नातेवाईक बोलत राहिले, आणि १ जुलै २०२३ पासून चार वर्षं इथे राहिलेल्या न्यूझीलंडच्या माणसाला पीआरशिवाय थेट नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या आसपास होते, आता त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि गणपतीला, दिवाळीला खासदार मांडवात येतातच. त्यांना आकडा वाढवा असं सांगू नका, तो वाद वेगळा. त्यांना एवढंच विचारा की पाच वर्षं इथे कायदेशीर काम केलेल्या माणसाला लेखी हो किंवा नाही देण्याची मुदत तुमचा पक्ष कायद्यात घालणार आहे का, माणूस आला त्या दिवशी जे नियम होते तेच त्याला शेवटपर्यंत लागू राहतील असं लिहून देणार आहे का, आणि टॅक्स भरणाऱ्याला मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, कितव्या वर्षी. उत्तर काय दिलं ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्या नावासकट टाका.